पंधरा छायाचित्रं, एक वाक्य

भारतात वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, रिक्षा चालवायलाही बॅज लागतो. फोटोग्राफरला यातलं काहीच लागत नाही. कॅमेरा घेतला, बोर्ड लावला, कार्ड छापलं की धंदा सुरू. नगरच्या चितळे रोडपासून शेवगाव-जामखेडच्या पेठेपर्यंत (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून नगरच येतं) पासपोर्ट फोटोपासून प्री-वेडिंगपर्यंत सगळं करणारे स्टुडिओ आहेत. त्यांतला कोण खरोखर तयारीचा आणि कोण नुसती महागडी लेन्स बाळगणारा, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. तो दर विचारतो, इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर पाहतो आणि मेहुण्याच्या लग्नाचा अल्बम कोणी केला होता ते आठवतो. फोटोग्राफरचीही तीच अडचण. लाइक मिळतात, पण आपण नेमके कुठे उभे आहोत हे सांगणारं तिऱ्हाईत माणूस भेटत नाही. म्हणून काही जण नावापुढे लागणाऱ्या अक्षरांच्या वाटेला जातात. ही अक्षरं मिळवायला काय लागतं याबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. चांगले फोटो लागतात, असं बहुतेकांना वाटतं. चांगले फोटो लागतातच, पण परीक्षा त्यांची नसते.

नियम काय सांगतात ते आधी पाहू. १८५३ साली लंडनमध्ये स्थापन झालेली आणि आता ब्रिस्टलला असलेली रॉयल फोटोग्राफिक सोसायटी नावापुढे अक्षरं लावता येतील असे तीन पायऱ्यांचे सन्मान देते: लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो. जगात कुठूनही अर्ज करता येतो. पहिल्या पायरीला दहा छायाचित्रं द्यायची, दुसरीला पंधरा, तिसरीला वीस. पहिल्या पायरीवर विषय एकच असावा अशी अट नाही, पण दहा चित्रं मिळून एक संच म्हणून उभी राहिली पाहिजेत. पुढच्या दोन पायऱ्यांवर संचाला एक विषय, एक दृष्टी लागते आणि सोबत जास्तीत जास्त दीडशे शब्दांचं निवेदन लागतं: मी काय दाखवू पाहतो आहे. शिवाय चित्रं कशी मांडायची याचा आराखडाही अर्जदारानंच द्यायचा. परीक्षक आधी सगळा संच एकत्र, लांबून पाहतात. सुटी चित्रं जवळून पाहणं नंतर येतं. १९५० साली सुरू झालेल्या ‘फियाप’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची पद्धत सुरुवातीला निराळी वाटते. तिथे खालचे सन्मान सॅलॉन प्रदर्शनांत किती चित्रं स्वीकारली गेली यावर, म्हणजे आपल्या फोटोक्लबांच्या भाषेत ‘ॲक्सेप्टन्स’च्या हिशेबावर मिळतात. पण मास्टरच्या पायरीशी आलं की तिथेही वीस चित्रांचा एकसंध संचच मागतात. म्हणजे खाली मोजदाद चालते. वर गेल्यावर चित्रं एकमेकांशी काय बोलतात ते पाहिलं जातं.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे, आणि या लेखाचं म्हणणंही तेवढंच आहे. संचाची परीक्षा ही फोटो काढण्याची परीक्षा नसून फोटो निवडण्याची परीक्षा आहे. आणि निवडायचं तर आधी सांगायला एक वाक्य हवं. ते वाक्य नसेल तर हार्ड डिस्कवरची सगळ्यांत देखणी पंधरा चित्रं एकत्र करूनही संच होत नाही. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही हौशी फोटोग्राफरचा साठा डोळ्यांपुढे आणा. सांदण दरीतून वर पाहत घेतलेली आभाळाची फट, भंडारदऱ्याचे काजवे, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रेहेकुरीत हवेत झेपावलेला काळवीट, निघोजचे रांजणखळगे, मढीच्या यात्रेत उधळलेला गुलाल. एकेक चित्र पाहिलं तर दाद द्यावी असं. सगळी एका भिंतीवर लावली की मात्र ती फक्त एवढंच सांगतात की या माणसाकडे गाडी आहे, सवड आहे आणि पहाटे उठायची तयारी आहे. या सहा जागी गेलेला दुसरा कोणीही साधारण हीच सहा चित्रं घेऊन येतो. परीक्षकाला दिसते ती जागा; माणूस दिसत नाही.

निवड किती निर्दय असते याचं सर्वांत बोलकं उदाहरण रॉबर्ट फ्रँकचं. गुगेनहाइम फेलोशिप मिळाल्यावर १९५५ पासून तो अमेरिकाभर मोटारीनं हिंडला आणि सत्तावीस हजारांवर निगेटिव्ह घेऊन परतला. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात त्यातली त्र्याऐंशी आहेत. आधी १९५८ मध्ये फ्रान्समध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या या पुस्तकावर सुरुवातीला टीकाच जास्त झाली: क्षितिज तिरकं, चित्रं दाणेदार, मूड उदास. त्यातली अनेक चित्रं एकेकटी पाहिली तर आजच्या क्लबच्या मासिक स्पर्धेतही नापास होतील. पण झेंडा, मोटार, ज्यूकबॉक्स, रस्ता या गोष्टी पानापानांवर परत परत येतात, दर वेळी थोडं निराळं बोलतात, आणि शेवटाला येईतो एका देशाचा एकटेपणा वाचकाच्या अंगावर आलेला असतो. जर्मनीतल्या बेर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्यानं अगदी उलट टोक गाठलं. पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे: सगळं समोरून, ढगाळ उजेडात, एकाच अंतरावरून, कित्येक वर्षं. एक टाकी पाहून कोणी थांबणार नाही. नऊ टाक्या शेजारी शेजारी लावल्या की डोळा आपोआप फरक शोधू लागतो आणि कारखान्यांच्या ओसाड सांगाड्यांना चेहरे फुटतात. १९९० साली व्हेनिसच्या बिएनालेत त्यांना पारितोषिक मिळालं, तेही शिल्पकलेचं. एकानं कॅमेरा मोकाट सोडला, दोघांनी तो खिळवून ठेवला. पण काय सांगायचं आहे ते तिघांनाही ठाऊक होतं.

मराठी मुलखातली उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे छायाचित्रांचं पुस्तक पाहा. तमाशावर फोटो काढायचे म्हटलं की नाचणारी बाई, उडता पदर आणि रंगीत प्रकाशझोत एवढंच बहुतेकांच्या मनात येतं. नगर जिल्ह्याला हा विषय परका नाही. कांताबाई सातारकरांचा फड संगमनेरचा. पण फड म्हणजे रंगमंचावरचे तीन तास नव्हेत. ट्रक, राहुट्या, स्वयंपाक, पोरंबाळं, मुक्काम, हिशेब आणि मग ती रात्र, असं ते सगळं मिळून जगणं असतं. ते जगणं सांगायचं ठरवलं की उडत्या पदराचं चित्र एकदाच येऊ शकतं, फार तर दोनदा. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं सुधारक ओलवे यांचं काम असंच. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मॅनहोलमधून वर येणारा माणूस हे एक चित्र कोणत्याही वृत्तपत्र छायाचित्रकाराला एखाद्या दिवशी मिळून जाईल. तोच माणूस घरी, खोलीत, बायकोपोरांत, दारूच्या गुत्त्यावर, अंत्ययात्रेत दिसला की चित्राचा विषय घाण उरत नाही. शहर कोणाच्या जिवावर स्वच्छ राहतं, हा प्रश्न विषय बनतो. इथेही वाक्य आधी आहे आणि चित्रं त्याच्या मागून आली आहेत.

नगर जिल्ह्यात अशी वाक्यं किती पडून आहेत! क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीत इतका पाऊस की त्या भागाला नगरचं चेरापुंजी म्हणतात, आणि पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे जावं तर टँकरची वाट पाहणारी गावं. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी १९५० च्या सुमारास देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि याच जिल्ह्यात हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडून आपल्या शिवारात ऊस लावायचा नाही असं ठरवलं. कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. काळविटाला ती हद्द कळत नाही आणि तो ज्वारीत शिरतो. कळपाच्या झेपेचे शंभर फोटो निघतात. अभयारण्याच्या कडेच्या शेतकऱ्याचं कुंपण, राखण, मोडलेली ताटं आणि पहाटेच्या धुक्यात त्याच शेतात उभा तो सुंदर प्राणी, हा संच मात्र अजून कोणीतरी करायचा आहे.

हिवरे बाजारचं उदाहरण थोडं खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे, कारण तिथे छायाचित्रकाराची खरी अडचण समोर येते. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यापासून गावानं जे केलं ते देशभर गाजलं. फोटोग्राफर तिथे जातात आणि हिरवी टेकडी, स्वच्छ रस्ता, रंगवलेली घरं, सरपंचांचं पोर्ट्रेट घेऊन येतात. पंधरा चित्रं सहज भरतात आणि पंधराही चित्रं म्हणतात, गाव छान आहे. पण तिथली खरी गोष्ट जमिनीखाली आहे. पाणी किती मुरलं, किती उरलं, त्यावर यंदा कोणतं पीक घ्यायचं, हे सगळं आकड्यांत आणि ग्रामसभेत घडतं. ते डोळ्याला दिसेल कसं? एक मार्ग बेखरांचा आहे. एकच विहीर, एकच जागा, कॅमेऱ्याची उंचीही तीच, वर्षातले बारा महिने. जूनमध्ये उघडे पडलेले विहिरीच्या आतले दगड, ऑगस्टमध्ये त्यांवर चढलेलं पाणी, मार्चमध्ये खाली सरकलेली ओलसर रेघ. उरलेल्या तीन चित्रांत फळ्यावरचा ताळेबंद, ग्रामसभेतले हात आणि त्या हिशेबानं पेरलेलं एक शेत. यातलं एकही चित्र कॅलेंडरवर छापायच्या लायकीचं होणार नाही. संच मात्र असा होईल की पाहणारा ती ओलसर रेघ शोधत एका चित्रावरून दुसऱ्यावर जाईल, आणि तसं तो गेला की काम झालं.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. दसरा झाला की पाथर्डीच्या आणि शेजारच्या बीडच्या गावांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची असते. या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही राबतात, साधारणपणे मोळ्या बांधणं आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणं बाईच्या वाट्याला येतं. आता या विषयावरचे नेहमी दिसणारे फोटो आठवा: कोयता उगारलेला घामेजलेला पुरुष, मोळी घेतलेली एकटी बाई, कोपीसमोर उघडं पोर. प्रत्येक चौकटीत एकच माणूस. म्हणजे ज्या व्यवस्थेत मोजमापच जोडीचं आहे, तिथे चित्रांनी जोडी फोडून टाकली. संच करणाऱ्यानं आधी एवढंच ठरवावं की माझं वाक्य ‘कोयता दोघांचा असतो’ हे आहे. मग प्रत्येक चित्रात दुसरं माणूस असायलाच हवं. समोर नसेल तर त्याची खूण तरी हवी. पहाटे चुलीपुढे ती आणि मागे कोयत्याला धार लावणारा तो. धुक्यात पुढे तोडणारा आणि मागून मोळी बांधत येणारी. दुपारी पाचटाच्या सावलीत एका ताटात जेवणारे दोन हात. मुकादमाच्या वहीत एका उचलीसमोर लिहिलेली दोन नावं. आणि मागे पाथर्डीकडच्या गावात कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर नातवंडांना सांभाळणारे आजी-आजोबा, म्हणजे आणखी एक जोडी. असं पाहू लागलं की फोटोग्राफर उसाच्या फडात उभा राहतो तीही जागा बदलते. तो दोन पावलं मागे सरतो, कारण आता चौकटीत दोघांना घ्यायचं असतं.

इथे सगळ्यांत अवघड क्षण येतो. पंधरा चित्रं लावून झाली आणि सोळावं एक अप्रतिम चित्र हातात उरलं: सूर्य मावळतोय, उसाचे तुरे सोनेरी झालेत, एकटी बाई मोळी घेऊन फळी चढतेय. याच चित्राला जिल्हा स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेलं असतं. ते संचात घालायचा मोह जबर असतो, आणि संच बहुतेक वेळा तिथेच फसतो. ते एक चित्र बाकीच्या चौदांहून जास्त भडक, जास्त सुंदर आणि भलतंच काही सांगणारं असतं. ते आलं की आजूबाजूची चित्रं फिकी पडतात आणि परीक्षक विचारतो, या माणसाला श्रम दाखवायचे आहेत की सूर्यास्त? पंगतीत नुसती पक्वान्नं वाढली तर जेवण होत नाही, भात, मीठ, लिंबूही लागतं. वहीच्या पानाचं चित्र, रिकाम्या वजनकाट्याचं चित्र ही संचातली मिठासारखी चित्रं. एकेकटी ती कोणी पाहणार नाही, पण त्यांच्यामुळे बाकीच्यांना चव येते. लाडकं चित्र बाजूला ठेवता येणं हीच मला या सगळ्या प्रकारातली खरी पात्रता वाटते. ज्याला ते जमलं त्याला अक्षरं मिळोत न मिळोत, तो फोटोग्राफर म्हणून एक इयत्ता वर गेला.

मांडणीचं तंत्रही याच न्यायानं चालतं. पंधरा चित्रं पाचाच्या तीन ओळींत लावली तर डाव्या टोकाचं चित्र उजवीकडे पाहणारं आणि उजव्या टोकाचं डावीकडे पाहणारं हवं, नाहीतर नजर भिंतीबाहेर पळते. मधल्या ओळीच्या मधोमध असं चित्र हवं ज्याच्याभोवती बाकीची बसतील. ते सगळ्यांत नाट्यमय असायलाच हवं असं नाही, स्थिर असलं म्हणजे झालं. आडवी-उभी चित्रं कशीही मिसळली की लांबून पाहताना भिंत तुटक दिसते, म्हणून उभी असतील तर ती दोन्ही बाजूंना तोलून लावावीत. क्षितिजाच्या रेघा शेजारच्या चित्रांत फार वरखाली झाल्या तर डोळ्याला ठेच लागते. सर्वांत जास्त संच मात्र रंगानं मारले जातात. लग्नाच्या कामाची सवय झालेल्या हाताला प्रीसेट लावल्याशिवाय चैन पडत नाही. मग पहाटेचं धुकं निळसर-नारिंगी होतं, दुपारची माती लालभडक होते आणि पंधरा चित्रं पंधरा निरनिराळ्या गावांतली वाटतात. धुकं करडं असेल तर करडं राहू द्यावं. रंगीत की कृष्णधवल ते एकदाच ठरवावं, काळ्याची खोली सगळीकडे सारखी ठेवावी, कागद एकच वापरावा, आणि तीन चित्रं रंगीत ठेवण्याचा हट्ट तर अजिबात करू नये. पोस्टकार्डाएवढे छोटे प्रिंट काढून जमिनीवर पसरावेत आणि उभं राहून पाहावं. संगणकाच्या पडद्यावर संच जुळवू नये; पडदा आपल्याला एका वेळी एकाच चित्रावर भाळायला लावतो.

दीडशे शब्दांचं निवेदन लिहिताना आपले बरेच लोक अडखळतात, आणि ते इंग्रजीमुळे अडखळतात असा त्यांचा समज असतो. खरी अडचण बहुधा वाक्याची असते. ‘ऊसतोड कामगारांच्या खडतर जीवनाचा वेध घेण्याचा प्रयत्न’ असं लिहिलं की कोणत्याही भाषेत ते पोकळच राहतं, कारण त्यातून परीक्षकाला काय तपासायचं ते कळत नाही. ‘साखर कारखान्याच्या हिशेबात जोडी हे एक माप आहे, ते माप आतून कसं जगलं जातं ते मी दाखवतो’ असं लिहिलं की प्रत्येक चित्राला कसोटी मिळते. निवेदन आधी मराठीत लिहावं, घरातल्या फोटोग्राफर नसलेल्या माणसाला वाचून दाखवावं आणि मग पंधरा चित्रं त्याच्यापुढे ठेवावीत. निवेदनातली एखादी गोष्ट त्याला चित्रांत सापडली नाही, तर चित्र तरी चुकलं आहे किंवा वाक्य.

याविरुद्ध बोलणारे कमी नाहीत आणि त्यांचं सगळंच चूक नाही. पहिला आक्षेप असा की एका चित्रात जे सामर्थ्य असतं ते पंधरांत विरून जातं. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतलं, मातीआड जाणाऱ्या बाळाच्या चेहऱ्याचं रघू राय यांचं चित्र जगाला पुरलं. संच कोणी मागितला नाही. हे मान्यच आहे. एकटं चित्र क्षण सिद्ध करतं, आणि असा क्षण आयुष्यात एखाद्याच्याच वाट्याला येतो. पण रघू रायसुद्धा त्या एका चित्रावर थांबले नाहीत. पुढे अनेक वर्षांनी ते वाचलेल्यांचं जगणं टिपायला पुन्हा भोपाळला गेले. क्षण नशिबानं मिळू शकतो, संच नशिबानं होत नाही. म्हणूनच माणसाची पात्रता ठरवायची असेल तर संच मागणं रास्त आहे. शिवाय आता चित्र संगणकाला शब्दांत सांगूनही बनवता येतं. एका सुट्या चित्रामागे कोण उभं होतं हे ओळखणं रोज अवघड होत असताना, तीच माणसं हंगामभर निरनिराळ्या उजेडात दाखवणारं काम आणि त्यामागच्या मूळ फाइली यांचं वजन वाढणारच.

दुसरा आक्षेप विलायती शिक्क्याचा. आपल्या ऊसतोड्यांवरचं काम ब्रिस्टलच्या माणसांनी का तपासावं? अभिमान म्हणून हा प्रश्न ठीक आहे, इतिहास म्हणून तितकासा नाही. लंडनची संस्था १८५३ ची, आणि मुंबईची बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. ही कला इथे परक्याची म्हणून उशिरा आलेली नाही, जवळजवळ बरोबरीनं आली. ज्याला बाहेरचा शिक्का नको त्याला १९३७ पासूनची मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया किंवा १९५३ साली स्थापन झालेली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी आहे. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. पौंडांतलं शुल्क, चांगले प्रिंट, कुरियर हे सगळं जामखेडच्या स्टुडिओवाल्याला जड जातं. त्यासाठी माझं उत्तर एवढंच की अर्ज शेवटी करावा, संच आधी करावा. संच करायला कोणाचं शुल्क पडत नाही. परीक्षकांच्या आवडीचे साचे बनतात हाही आरोप बऱ्याच अंशी खरा आहे. क्लबांमधून एकमेकांसारखे दिसणारे संच निघतात, कारण लोक मागच्या वर्षी कोणाला काय मिळालं ते पाहून विषय निवडतात. पण हा दोष नक्कल करणाऱ्याचा. एकसंध संच द्या हा नियम काय पाहायचं ते कुठे सांगतो?

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. ऊसतोड्याच्या कष्टांवर फोटो काढून स्वतःच्या नावापुढे अक्षरं लावून घ्यायची, हे त्याच्या मोळीवर आपली मोळी चढवणं नाही का? याला पूर्ण उत्तर नाही, आणि आहे असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. काही गोष्टी मात्र पाळता येतात, आणि त्या पाळल्या तर संचही सुधारतो. फोटो कशासाठी काढतो आहोत ते आधी स्पष्ट सांगावं आणि मुकादमाच्या नव्हे, त्या दोघांच्या होकारानं काढावा. हंगामात पुन्हा पुन्हा जावं, दर खेपेला आधीचे प्रिंट त्यांच्या हातात द्यावेत आणि ते पाहून ती माणसं काय म्हणतात ते ऐकावं. हे शेवटचं फार उपयोगी पडतं. उसाचे वाढे विकून आलेले पैसे कशाला लागतात, साखरशाळेत पोर गेलं की दिवस कसा बदलतो, उचल फिटली नाही तर पुढचं वर्ष कसं बांधलं जातं, हे फोटोग्राफरच्या डोळ्याला एका फेरीत दिसत नाही; त्यांच्या बोलण्यातून कळतं आणि मग चित्रात येतं. एका रविवारी येऊन सूर्यास्त टिपून जाणारा माणूस जास्त शोषण करतो, आणि संच करणाऱ्याला त्यासाठी लागणारा वेळच तसं करू देत नाही.

राहिला धंद्याचा सवाल. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याला हे सगळं काय कामाचं? माझ्या मते त्यालाच सगळ्यांत जास्त कामाचं आहे, कारण महाराष्ट्रात आज सर्वांत जास्त संच बनतात ते लग्नाच्या अल्बमच्या रूपात, आणि ते बहुतेक वाईट बनतात. हजारो फोटो काढायचे, त्यातले शेकडो पानांवर कोंबायचे, प्रत्येक पानावर एक मोठा आणि आठ छोटे, मागे फुलांची नक्षी. नवरीच्या आईचा पाठवणीच्या वेळचा चेहरा कोपऱ्यात तिकिटाएवढा असतो आणि ड्रोनमधून दिसणारा मांडव दोन पानं व्यापून बसतो. ज्यानं एकदा पंधरा चित्रांसाठी सूर्यास्त बाजूला ठेवला, त्याच्या हातून असा अल्बम होत नाही. गिऱ्हाइकाला त्या अक्षरांचा अर्थ कळणार नाही, पण अल्बम उघडल्यावर तो कुठे थांबतो ते दिसेलच.

तयारी करू इच्छिणाऱ्याला एवढंच सांगावंसं वाटतं की आधी नवा कॅमेरा घेऊ नये आणि लडाखचं तिकीटही काढू नये. आपल्या तालुक्याबद्दल आपल्याला ठाऊक असलेलं आणि बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात न येणारं एक वाक्य कागदावर लिहावं. विषय ऊसतोडीचाच असेल तर गळीत हंगाम सुरू झाल्यावर फडात पोहोचून उपयोग नाही, कारण अर्धी गोष्ट तोवर मागे राहिलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, शेळी आणि पोरं चढतात ती सकाळ पाथर्डी तालुक्यातल्या गावात दसऱ्याच्या मागेपुढे येते. त्याआधी तिथे जाऊन ओळखी करून ठेवाव्यात.